हरवलेले अधिकारपत्र

छत्रपती संभाजीनगराहून वाळूजकडे किंवा जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्याने जो मनुष्य रोज ये-जा करतो, त्याच्या नजरेस एक दृश्य हटकून पडते. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात एक टपरीवजा खोली असते, किंवा झाडाखाली उभी केलेली एखादी व्हॅन. आत एक संगणक, एक यंत्र, त्या यंत्रापासून निघालेली नळी, आणि ती नळी एखाद्या रिक्षाच्या सायलेन्सरात खुपसलेली. भिंतीवर देवाची तसबीर, दरपत्रक, कोठल्याशा पतपेढीचे कॅलेंडर, आणि काचेच्या चौकटीत बसविलेला एक कागद. पहिल्या तीन वस्तूंकडे गिऱ्हाइकाचे लक्ष कधीमधी जाते. चौथीकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु त्या खोलीत जे काही चालते त्यास कायद्याचा आधार आहे, हे सांगणारी वस्तू ती चौथीच होय.

हा कागद म्हणजे वाहनतपासणीचा धंदा करण्याचे अधिकारपत्र. तो एके दिवशी जागेवर नसतो. पावसाळ्यात भिंतीला ओल सुटते आणि शिक्क्याची शाई पसरते. चौकटीच्या मागून वाळवी शिरते आणि कागदाची चाळण करून टाकते. खोलीला रंग द्यावयाचा म्हणून चौकट उतरवितात आणि ती पुन्हा टांगावयाची राहून जाते. कधी भागीदारी मोडते आणि जाताना एक भागीदार कागदपत्रांची पिशवीच घेऊन जातो. कारण काहीही असो, मालकाच्या लक्षात ही गोष्ट येते ती बहुधा तपासणीला अधिकारी दारात उभे राहिल्यावर. तेव्हा त्याची जी धांदल उडते ती दोन चुकीच्या समजुतींतून उडते. कोणास वाटते, कागद गेला म्हणजे धंद्याचा अधिकारच गेला. कोणास याच्या उलट वाटते की, कार्यालयात नोंद आहेच, मग कागदाचे एवढे काय? वस्तुस्थिती या दोहोंच्या मध्ये आहे, आणि ती नीट समजली म्हणजे पुढचे काम अर्धे झालेच म्हणून समजावे.

प्रथम, या कागदावर काय काय अवलंबून आहे ते पाहू. मोटार वाहन अधिनियम 1988 सालचा. तो व त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम 1 जुलै 1989 पासून अंमलात आले. या अधिनियमाच्या कलम 56 मध्ये असे म्हटले आहे की, भाड्याने माल अगर उतारू वाहून नेणाऱ्या वाहनाजवळ योग्यतेचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याची नोंदणी वैध झाली असे मानले जाणार नाही. लोकांच्या तोंडी याला 'फिटनेस' किंवा 'पासिंग' म्हणतात. हे प्रमाणपत्र परिवहन खात्याचा अधिकारी देतो, किंवा शासनाने अधिकार दिलेले तपासणी केंद्र देते. म्हणजे साखळी कशी झाली पहा. मोंढ्यातून कापूस भरून निघालेला ट्रक रस्त्यावर कायदेशीर ठरतो तो नोंदणीमुळे. नोंदणी टिकते ती योग्यतेच्या प्रमाणपत्रामुळे. आणि ते प्रमाणपत्र केंद्राने दिलेले असेल तर ते खरे ठरते केंद्राच्या अधिकारपत्रामुळे. साखळीची शेवटची कडी भिंतीवर टांगलेली आहे. ट्रकचा मालक ती कधी पाहतही नाही. पण अपघात झाला, विम्याचा दावा उभा राहिला, आणि समोरच्या वकिलाने विचारले की हे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार त्या केंद्रास त्या दिवशी होता काय, तर उत्तर त्या कागदातून द्यावे लागते.

आता तपासणी केंद्र हा एक शब्द झाला; त्यात प्रकार मात्र निरनिराळे आहेत, आणि अर्ज करण्यापूर्वी आपला प्रकार ओळखणे अवश्य आहे. रस्त्याकडेला दिसणारी केंद्रे धुराची, म्हणजे 'पी.यू.सी.'ची. पेट्रोलच्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड शेकडा किती आहे हे तेथील यंत्र मोजते. डिझेलच्या गाडीचा धूर प्रकाशाला किती अडवितो ते दुसरे यंत्र पाहते. केंद्रीय नियम 115 अन्वये वाहनाच्या पहिल्या नोंदणीस एक वर्ष झाल्यावर हे प्रमाणपत्र जवळ बाळगावे लागते, आणि ते देणारी संस्था राज्य शासनाने अधिकृत केलेली असावी लागते. दुसरा प्रकार, गाडीची सर्वांगीण तपासणी करून योग्यतेचे प्रमाणपत्र देणाऱ्या केंद्राचा. त्याचे अधिकारपत्र नियम 63 खाली नमुना 39 मध्ये मिळते. तिसरा प्रकार स्वयंचलित केंद्राचा. तेथे ब्रेक, दिवे, वेगमापक यांची परीक्षा माणसाच्या डोळ्याने नव्हे, तर यंत्राने होते. त्यासाठी 23 सप्टेंबर 2021 च्या अधिसूचनेने नियमांत स्वतंत्र व्यवस्था करण्यात आली. अवजड वाहनांना अशाच केंद्रांची सक्ती करण्याचा दिवस आधी 1 एप्रिल 2023 ठरला होता, तो पुढे 1 ऑक्टोबर 2024 पर्यंत लांबविण्यात आला. कारण उघड आहे, सक्ती कागदावर होते, यंत्रे जमिनीवर बसवावी लागतात.

आपला कागद कोणत्या प्रकारातला हे स्मरणावर सोडू नये. कागदाच्या माथ्यावर नियमाचा आणि नमुन्याचा क्रमांक छापलेला असतो. कोणत्या अधिकाऱ्याने तो दिला ते खाली सहीशेजारी असते. ज्याने दिला त्याच्याकडेच दुय्यम प्रत मागावयाची, हे सर्व प्रकारांना सारखेच लागू. या शहरातील केंद्रांपुरते बोलावयाचे तर एम.एच. 20 या क्रमांकाचे प्रादेशिक परिवहन कार्यालय, ज्याला सारे गाव 'आर.टी.ओ.' म्हणते, तेथून आरंभ होतो.

तपासणी केंद्राचे अधिकारपत्र हरविल्यास काय करावे हे नियम 66 मध्ये सांगितले आहे, आणि सरकारी नियमाच्या मानाने तो नियम फारच सुटसुटीत आहे. अधिकारपत्र हरवले किंवा नष्ट झाले, तर धारकाने ज्या अधिकाऱ्याने ते दिले त्यास तत्काळ कळवावे आणि दुय्यम प्रतीसाठी लेखी अर्ज करावा. नियम 81 मधील कोष्टकाप्रमाणे शुल्क भरावे. अधिकाऱ्याने दुय्यम प्रत द्यावी व तिच्यावर ती दुय्यम असल्याची स्पष्ट खूण असावी. आणि पुढे मूळ पत्र सापडले, तर ते लगेच अधिकाऱ्याकडे परत करावे. एवढाच नियम. शुल्काचा आकडा मात्र शेजारच्या केंद्रवाल्यास विचारून नेऊ नये. 29 डिसेंबर 2016 रोजी ते कोष्टक मुळापासून बदलले, आणि त्यापूर्वी पैसे भरलेल्या मनुष्याची आठवण आज कुचकामाची आहे. ज्या दिवशी अर्ज करावयाचा त्या दिवशीचा दर पाहावा.

नियमातल्या 'तत्काळ' या शब्दावर थोडे थांबले पाहिजे. हा शब्द लोक नुसता शोभेचा समजतात. घरात एखादा कागद सापडेनासा झाला म्हणजे प्रथम आठवडाभर कपाटे उपसली जातात, मग मुलावर संशय, मग जुन्या नोकरावर, आणि शेवटी 'सापडेल कधीतरी' या वाक्यावर प्रकरण मिटते. धंद्याच्या अधिकारपत्राच्या बाबतीत हे चालत नाही. कागद हरवला याचा अर्थ तो जगातून नाहीसा झाला असा नव्हे. तो फक्त धन्याच्या हातून गेला. तो दुसऱ्या कोणाच्या हाती लागून दुसऱ्या तालुक्यात एखाद्या भिंतीवर टांगला गेला, आणि त्या क्रमांकावर कोणी खोटी प्रमाणपत्रे देऊ लागला, तर पहिला प्रश्न मूळ मालकास विचारला जाईल की, 'हरवल्याचे आपण केव्हा कळविले?' कळविल्याची तारीख हीच त्याची ढाल. ती तारीख जितकी लवकरची तितकी ढाल मोठी.

याच कारणासाठी पोलिसांत नोंद करावी. येथे एक बारीक भेद आहे. वाहनाची नोंदणी पुस्तिका हरवली तर नियम 53, आणि गाड्या विकणाऱ्याचे व्यवसाय प्रमाणपत्र हरवले तर नियम 38, हे दोन्ही स्पष्ट सांगतात की, जेथे हरवले त्या हद्दीतील पोलीस ठाण्यास कळवावे. तपासणी केंद्राच्या नियमात भर आहे तो अधिकाऱ्यास कळविण्यावर. म्हणून काही जण ठाण्याची पायरी टाळू पाहतात. तसे करू नये. ठाण्यातील नोंदीला खर्च नाही, आणि कार्यालयातील कारकून बहुधा तिच्याबद्दल विचारतोच. मात्र ठाण्यात 'हरवले' आणि 'चोरीस गेले' हे दोन शब्द सारखे नाहीत, हे ध्यानात ठेवावे. चोरीचा गुन्हा दाखल होतो, तपास होतो, जबाब होतात. जाणाऱ्या भागीदाराने पिशवी नेली असेल तर ती हकीकत जशीच्या तशी सांगावी. 'रिक्षात विसरले' अशी सोयीची गोष्ट रचून सांगू नये. अशी गोष्ट पुढे भागीदारीचा वाद न्यायालयात गेल्यावर सांगणाऱ्याच्या गळ्यात अडकते.

दुय्यम प्रत ही कल्पना काही मोटारीबरोबर आलेली नाही. सातव्या शतकात कामरूपच्या भास्करवर्मा राजासमोर हाच प्रश्न आला होता. त्याच्या पूर्वजाने, भूतिवर्म्याने, ब्राह्मणांना जमिनी दिल्या होत्या. ते ताम्रपट आगीत जळाले. जमीन तीच, धनी तेच, पण पुरावा नाही. भास्करवर्म्याने नवे पट कोरवून दिले, आणि ते आज निधनपूरचे ताम्रपट म्हणून ओळखले जातात. त्यातली खुबी पुढेच आहे. पटाच्या शेवटी अशा आशयाचा मजकूर आहे की, जुना पट जळाल्यामुळे हा नव्याने लिहिला असून, याची अक्षरे पहिल्याहून निराळी दिसली म्हणून यास खोटा समजू नये. आजच्या कार्यालयाने 'दुय्यम' म्हणून खूण करावी, तिचा हेतूही अगदी हाच. ती खूण कमीपणाची नव्हे. हा कागद नंतरचा का आहे याचा तो खुलासा आहे. आणि खोट्या कागदाची भीतीही तेवढीच जुनी आहे. त्याच शतकात, इसवी सन 631 च्या मधुबन ताम्रपटात, हर्षवर्धनाने एका मनुष्याकडचा बनावट पट मोडून टाकून गाव दुसऱ्यांना दिल्याची हकीकत आहे. जळालेल्या पटाची प्रत आणि मोडलेला खोटा पट, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे नियम 66 चे सारे तर्कशास्त्र हाती येते.

पण राजाने नवा पट दिला तो कशाच्या आधारावर? जमीन पूर्वी दिली होती हे त्यास पटले होते म्हणून. आज हे पटविण्याचे काम नोंदवही करते. शाळेच्या व्यवहारात ही गोष्ट पालकांच्या परिचयाची आहे. शाळा सोडल्याचा दाखला हरवला तरी मुलाचे शिक्षण हरवत नाही, कारण शाळेत जनरल रजिस्टर असते आणि दाखला हा त्याचा केवळ उतारा असतो. तरीही दुसरा दाखला सहजासहजी मिळत नाही. प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, कारण दोन दाखल्यांवर दोन शाळांत प्रवेश घेता येतो. अधिकारपत्राचे तसेच आहे. हक्काची मूळ जागा कार्यालयाच्या नोंदवहीत, भिंतीवरचा कागद म्हणजे तिचा उतारा. म्हणून कागद गेला तर हक्क जात नाही; पण उताऱ्याविना हक्क दाखविता येत नाही, आणि वाहनतपासणीचा धंदा हा सर्वस्वी दाखवून करावयाचा धंदा आहे. अधिकारपत्र केंद्राच्या कार्यालयात दर्शनी जागी लावलेले असावे असे नियम 65 सांगतो तो त्याकरिताच.

मराठवाड्याने नोंदवहीचे हे सामर्थ्य अगदी अलीकडे पाहिले आहे. 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकालीन दप्तरातील कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा मोडी आणि उर्दू लिपीतील जुनी पाने वाचू शकणाऱ्यांस एकाएकी महत्त्व आले. ज्या कुटुंबांपाशी कपर्दिकेएवढाही कागद उरला नव्हता, त्यांच्या आशा कोण्या काळच्या कारकुनाने लिहिलेल्या ओळीवर खिळल्या.

तथापि नोंदवही अमर असते असेही नाही. 21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयास आग लागली, त्यात फायलींचे ढीग भस्मसात झाले, आणि जळालेली प्रकरणे इतरत्र असलेल्या प्रतींवरून पुन्हा उभी करावी लागली. म्हणजे उलटही घडते. कार्यालयाची वही जाते आणि नागरिकाजवळचा कागद तिला जन्म देतो. यासाठी अधिकारपत्र हाती पडेल त्याच दिवशी त्याची छायाप्रत काढून, जमल्यास साक्षांकित करून, धंद्याच्या जागेबाहेर, घरी, ठेवावी; मोबाइलमध्ये छायाचित्र असावे ते निराळेच. मूळ दस्तऐवज हरवला किंवा नष्ट झाला असेल तर त्याच्या प्रतीने पुरावा देण्याची मुभा 1872 च्या पुरावा कायद्यात होती, आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. छायाप्रत अधिकारपत्राची जागा घेऊ शकत नाही, पण त्यावरचा क्रमांक, तारीख आणि सही ही तिन्ही ती वाचवून ठेवते. अर्ज करताना ज्याला आपल्या पत्राचा क्रमांकच ठाऊक नसतो त्याचे हाल बघवत नाहीत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 2018 च्या नोव्हेंबरात केंद्रीय नियम 139 मध्ये बदल होऊन वाहनचालकास आपली कागदपत्रे मोबाइलवर दाखविण्याची मोकळीक मिळाली. डिजिलॉकर वगैरे त्यासाठीच. धुराचे प्रमाणपत्रही आता संगणकातून निघते, आणि गाडीवाल्याने ते हरवले तर पुन्हा छापून घेता येते. यावरून केंद्रचालक समजतो की आपलेही तसेच. परंतु नियम 139 हा रस्त्यावरील चालकाने दाखवावयाच्या कागदांचा आहे. भिंतीवर लावावयाच्या अधिकारपत्राशी त्याचा संबंध नाही. भिंतीवर मोबाइल टांगता येत नाही.

अर्जाचा मजकूर लांबवू नये. अधिकारपत्राचा क्रमांक, दिल्याची तारीख, मुदत कोठवर आहे ती तारीख, ज्या नावाने व ज्या पत्त्यावर ते दिले ते नाव व तो पत्ता, कागद केव्हा व कसा गेला, पोलीस नोंदीचा क्रमांक, आणि सापडल्यास परत करू ही हमी, एवढे पुरे. प्रतिज्ञापत्र मागितले तर ते करावे. शासकीय कार्यालयांत सादर करावयाच्या प्रतिज्ञापत्रांस महाराष्ट्रात 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, तेव्हा महागड्या मुद्रांकाची सक्ती कोणी केल्यास नम्रपणे ही गोष्ट सांगावी. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. तोंडी 'देऊन आलो' याला कार्यालयात काही किंमत नसते.

नाव-पत्त्याच्या बाबतीत या शहरात एक खास अडचण आहे. 24 फेब्रुवारी 2023 रोजी केंद्राची संमती मिळून शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. त्यापूर्वीच्या अधिकारपत्रांवर औरंगाबाद असे आहे. अर्जदाराने गोंधळू नये. आपला आजचा पत्ता नव्या नावाने लिहावा, आणि हरवलेल्या कागदाचा तपशील देताना त्यावर जे नाव होते तेच द्यावे. नोंदवहीत शोधणाऱ्यास ते सापडले पाहिजे. शहराचे नाव बदलल्याने अधिकारपत्र रद्द झालेले नाही, आणि केवळ नव्या नावासाठी जुना कागद हरवल्याचे सांगण्याचे काही कारण नाही.

दुय्यम प्रतीच्या अर्जात दुसरी मागणी मिसळणे हीसुद्धा एक नेहमीची चूक. मालक विचार करतो, आता अर्ज करतोच आहोत तर जागाही नवी घालून घेऊ, भागीदाराचे नावही काढून टाकू. प्रत म्हणजे प्रत; ती मुळाबरहुकूम असावयाची. नियम 65 प्रमाणे अधिकारपत्रात लिहिलेली जागा पूर्वपरवानगीवाचून बदलताच येत नाही. जागा आधीच बदललेली असेल, तर दुय्यम प्रतीचा अर्ज हा त्या चुकीचा कबुलीजबाब ठरतो. ही दोन प्रकरणे वेगळी ठेवावीत आणि जागेचे आधी मिटवावे. मुदतीचेही तसेच. नियम 64 प्रमाणे हे अधिकारपत्र पाच वर्षे चालते. ते संपावयास थोडेच दिवस उरले असतील तर नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत करण्याकडे आधी लक्ष द्यावे. मुदत संपलेल्या पत्राची दुय्यम प्रत मिळाली तरी ती मुदत संपलेलीच असते.

कागद हरवला नाही, पण फाटला, भिजला, वाळवीने खाल्ला, तर? कित्येक जण उरलेले तुकडे फेकून देतात आणि 'हरवला' असे लिहितात. हे खोटे तर आहेच, शिवाय नुकसानीचे आहे, कारण जो तुकडा उरला आहे तोच सर्वांत चांगला पुरावा. वाहनाच्या नोंदणी पुस्तिकेच्या दुय्यम प्रतीसाठी जो नमुना 26 आहे, त्यात हरवले, नष्ट झाले, पूर्ण लिहून भरले, मळले, फाटले, विद्रूप झाले असे पर्याय एकापुढे एक दिले आहेत. 'पूर्ण लिहून भरले' हे वाचून आजच्या वाचकास गंमत वाटेल. नोंदणी जेव्हा खरोखर पुस्तकात होत असे तेव्हाची ती खूण आहे. केंद्रचालकाने तोच धडा घ्यावा. जे झाले ते त्याच शब्दाने लिहावे आणि तुकडे पाकिटात घालून अर्जासोबत द्यावेत. वाळवी लागलेला कागद दोन काचांमध्ये धरून नेला तर क्रमांक वाचता येतो. प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंद करण्याची आवड अशा कागदांच्या बाबतीत आवरावी. आत ओल राहिली तर शाई पसरते, आणि मग तो उलगडताही येत नाही.

अर्ज दिल्यापासून प्रत मिळेपर्यंत केंद्र चालवावे की बंद ठेवावे, हा खरा पोटाचा प्रश्न. दोन तपासनीसांचे पगार, जागेचे भाडे आणि यंत्राच्या कर्जाचा हप्ता कागदासाठी थांबत नाहीत. अधिकारपत्र निलंबित अथवा रद्द करण्याची रीत नियमांत स्वतंत्र सांगितली आहे. कागद हरवणे म्हणजे रद्द होणे नव्हे. तरीसुद्धा सुज्ञपणा यात आहे की, अर्जातच एक ओळ घालून काम चालू ठेवण्याविषयी कार्यालयाचे लेखी उत्तर मागावे, आणि तोवर शिक्का घेतलेली अर्जाची प्रत, पोलीस नोंद व जुन्या पत्राची छायाप्रत ही तिन्ही त्याच रिकाम्या चौकटीत लावावीत. लपविण्यापेक्षा लावलेले बरे. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यास रिकामी चौकट दिसली तर तो प्रश्न विचारतो. तीन कागद दिसले तर ते वाचतो. कामाला फारच विलंब लागला तर 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाचा विचार करावा. त्याखाली अधिसूचित झालेल्या सेवांची यादी, मुदत आणि अपील कोणाकडे हे कार्यालयाच्या फलकावर लावलेले असावे लागते. आपली सेवा त्या यादीत आहे की नाही हे तेथेच वाचून घ्यावे.

दुय्यम प्रत हाती आली की ती दारातच वाचावी. क्रमांक, मुदत, पत्ता, यंत्रांचा तपशील मुळाप्रमाणे आहे ना हे पाहून मगच पुढे व्हावे. लेखनिकाच्या हातून एक आकडा चुकला तर तो पुढील प्रत्येक प्रमाणपत्राला छळतो. मग ती चौकटीत लावावी, मात्र भिंतीपासून बोटभर सुटी.

आणि बऱ्याच वेळा असे होते की, दुय्यम प्रत लागून महिना होतो आणि मूळ पत्र कपाटाच्या मागे, रंगाच्या डब्याखाली, नाहीतर कॅलेंडराच्या आड सापडते. येथे मोह उत्पन्न होतो. एक येथे लावू, एक दुसऱ्या गावच्या शाखेत. अधिकारपत्र एका जागेचे असते. दोन कागदांमुळे दोन जागांना अधिकार मिळत नाही, आणि दुसरी भिंत सापडली की पहिलीवरही आच येते. नियमाप्रमाणे मूळ पत्र तत्काळ कार्यालयास परत करावे, ठाण्यात सापडल्याचे कळवावे, आणि मूळ पत्र परत दिल्याचीही पोच घेऊन ती दुय्यम प्रतीच्या मागे ठेवावी.